केनेट-एव्हन कालव्यावरील नौकाविहार आणि लॉकमधील पाण्याचा हिशेब

भीमाकाठ

नमस्कार मंडळी.

इंग्लंडमधील दोनशे वर्षांपूर्वीच्या कालव्यांवर बोट भाड्याने घेऊन, ती स्वतः चालवत आणि तिच्यातच मुक्काम करत सावकाश प्रवास करता येतो. गेल्या जूनमध्ये मुलगी आणि जावयासोबत केनेट-एव्हन कालव्यावर असा प्रवास करण्याचा योग आला. सोलापुरात परतल्यापासून अनेकांनी विचारणा केली, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे. स्थळवर्णनापेक्षा लॉकविषयी, म्हणजे बोटीला पाण्याच्या एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणाऱ्या दारांच्या हौदांविषयी, मी अधिक लिहिणार आहे, कारण माझ्या मते या प्रवासाचा खरा आनंद तेथेच आहे.

हा जलमार्ग पश्चिमेकडील ब्रिस्टल आणि लंडनच्या बाजूचे रेडिंग यांना जोडतो. दोन्ही टोकांना एव्हन आणि केनेट या नद्यांची पात्रे वापरली असून मधला बाथ ते न्यूबरी हा भाग खोदून काढलेला आहे. एकूण लांबी सुमारे १४० किलोमीटर आणि वाटेत १०५ लॉक. १७९४ मध्ये संसदेने कायदा करून परवानगी दिली, जॉन रेनी या अभियंत्याच्या देखरेखीखाली काम झाले आणि १८१० च्या डिसेंबरअखेर कालवा पूर्ण झाला. घोड्यांनी ओढलेल्या बोटींतून सॉमरसेटचा कोळसा आणि इतर माल जात असे. १८४१ मध्ये लंडन-ब्रिस्टल रेल्वे सुरू झाली, १८५२ मध्ये रेल्वे कंपनीनेच कालवा ताब्यात घेतला, आणि त्यानंतर शंभर वर्षांत तो हळूहळू निकामी झाला. लॉकची दारे कुजली, काही ठिकाणी पाणीही उरले नाही. तो पुन्हा उभा राहिला तो कालव्यावर जीव असलेल्या माणसांमुळे. त्यांनी वर्षानुवर्षे वर्गणी जमवली, गाळ उपसला, दारे बसवली आणि ८ ऑगस्ट १९९० रोजी राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते कालवा पुन्हा खुला झाला. मला या इतिहासात ही शेवटची गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

आमची बोट ‘नॅरोबोट’ प्रकारची होती. पोलादी, लांबलचक आणि रुंदीला जेमतेम दोन मीटर. आत स्वयंपाकघर, झोपण्याची सोय, न्हाणीघर असे सगळे ओळीने मांडलेले असते. वेगाची मर्यादा ताशी साधारण साडेसहा किलोमीटर आहे, त्यामुळे काठावरून भरभर चालणारा माणूस बोटीच्या बरोबरीने जाऊ शकतो. सुकाणूचा दांडा उजवीकडे ढकलला की बोट डावीकडे वळते, हे अंगवळणी पडेपर्यंत थोडा वेळ जातो. ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन येथून निघून आम्ही प्रथम पश्चिमेला डंडस जलसेतूपर्यंत गेलो. १८०५ च्या या दगडी पुलावरून कालवा एव्हन नदी ओलांडतो. वर आपली बोट, खाली नदी आणि नदीशेजारून धावणारी आगगाडी, असे दृश्य तेथे एकाच वेळी दिसते. तेथून बोट वळवून आम्ही पूर्वेला डिव्हायझेसच्या दिशेने निघालो.

आता लॉक. चढाच्या जमिनीवर कालव्याचे पाणी पायऱ्यापायऱ्यांनी अडवलेले असते, आणि दोन पायऱ्यांच्या मध्ये विटांनी किंवा दगडांनी बांधलेला एक लांबट हौद असतो. त्याच्या दोन्ही टोकांना जाड लाकडी दारे असतात. बोट खालून हौदात घ्यायची, मागची दारे लावायची, मग पुढच्या बाजूच्या झडपा उचलून वरचे पाणी आत सोडायचे. हौद भरतो तशी बोट वर चढते. दोन्हीकडचे पाणी एका पातळीला आले की पुढची दारे उघडतात आणि बोट मार्गस्थ होते. या सगळ्याला वीज लागत नाही, पंप लागत नाही. दारांच्या दोन्ही फळ्या वरच्या पाण्याच्या दिशेने टोक करून मिटतात, त्यामुळे पाण्याचा दाबच त्यांना घट्ट आवळून धरतो.

झडप उचलण्यासाठी काटकोनात वाकवलेले एक लोखंडी हँडल बोटीबरोबर दिलेले असते. ते चौकोनी दांड्यावर बसवून फिरवले की दातेरी पट्टी एकेक दात वर सरकते आणि खिट्टीचा टक् टक् आवाज येतो. पहिले दोन-चार दात काळजीने घ्यायचे, कारण पाणी एकदम सोडले तर बोट हौदात मागेपुढे आदळते. मी बोटीवर दोर धरून उभी होते. सुरुवातीला डोळ्यांसमोर फक्त शेवाळलेली, पाझरणारी भिंत होती. मग काठावरचे गवत नजरेच्या पातळीला आले, मग जावयाचे बूट, आणि शेवटी सगळे शिवार उलगडले. दार उघडण्यासाठी त्याच्या लांब लाकडी तुळईला पाठ लावून रेटावे लागते. पाय घसरू नयेत म्हणून जमिनीवर कमानीच्या आकारात विटांच्या उंचावलेल्या ओळी बसवल्या आहेत, आणि दोनशे वर्षे तेथे रेटा देणाऱ्यांचे पाय याच वाटेने फिरले आहेत. पाण्याच्या पातळीत इंचभर फरक असला तरी दार तसूभर हलत नाही. फरक मिटला की तेच दार एका माणसाच्या पाठीने सावकाश सरकते. घाई करून उपयोग नसतो आणि कोणी करतही नाही.

डिव्हायझेसच्या आधी केन हिल आहे. तेथे सुमारे तीन किलोमीटरमध्ये २९ लॉक असून ती बोटीला ७२ मीटर वर नेतात. खालच्या सात लॉकनंतर मधली सोळा टेकडीवर सरळ रेषेत चढत जातात, आणि वर आणखी सहा. सरळ चढावर दोन लॉकमध्ये पाणी साठवायला लांबी उरत नाही, म्हणून प्रत्येकाच्या बाजूला आडवे तळे खोदले आहे. ही माळ चढायला पाच-सहा तास लागतात. लॉकची रुंदी दोन नॅरोबोटी शेजारी मावतील एवढी असल्यामुळे आम्ही एका वयस्क इंग्रज जोडप्याच्या बोटीबरोबर सगळी चढण केली. काम वाटून घेतले, आणि मधल्या विसाव्यात आमची कडक भाकरी आणि शेंगा चटणी त्यांच्या बोटीवर गेली. दुपारपर्यंत त्या आजींनी चटणी आणखी मागून घेतली. प्रवासाला निघताना सोलापुरी माणसाने कडक भाकरी बरोबर घ्यावीच. आठ-आठ दिवस टिकते आणि बोटीतल्या छोट्या स्वयंपाकघरावर भार पडत नाही.

कोणाला काही विचारायचे असल्यास अवश्य विचारावे.

मालदांडी

भीमाकाठताई, फार चांगले लिहिले आहे. मी शेतकरी आहे, उजनी धरणाच्या आवर्तनाकडे, म्हणजे कालव्याला पाळीने सुटणाऱ्या पाण्याकडे, डोळे लावून बसणाऱ्यांपैकी. त्यामुळे वाचताना मनात एकच प्रश्न येत राहिला. बोट वर चढली म्हणजे लॉकभर पाणी वरून खाली आले. पुढच्या बोटीला पुन्हा तेवढेच. उतरणाऱ्या बोटीलाही तेच. मग हा कालवा टेकडी ओलांडून पलीकडे उतरत असेल, तर माथ्यावरचे पाणी दोन्ही बाजूंनी सतत कमी होत राहणार. माथ्यावर नदी असणे शक्य नाही. एवढे पाणी कोठून आणतात, आणि एका लॉकला लागते तरी किती?

भीमाकाठ

मालदांडी, आपण नेमक्या मुद्द्यावर बोट ठेवले आहे. काही दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या शहरातून गेल्यामुळे मलाही पहिल्या लॉकपासून हाच प्रश्न पडला होता.

केन हिलच्या पायथ्याशी १९९६ मध्ये पंप बसवले आहेत. ते दिवसाला ३ कोटी २० लाख लिटर पाणी उचलून पुन्हा माथ्यावर नेऊ शकतात, म्हणजे साधारण दर अकरा मिनिटांनी एक लॉक भरेल इतके. यावरून हिशेब केला तर एका लॉकला सुमारे २ लाख ४० हजार लिटर पाणी लागते. आपल्याकडच्या दहा हजार लिटरच्या टँकरने मोजायचे तर चोवीस टँकर, आणि तेही एका वेळेला. बोट लहान असो वा मोठी, खर्च जवळजवळ तेवढाच येतो. त्यामुळे लॉकमध्ये एकटे जाण्याऐवजी दुसऱ्या बोटीची वाट पाहून दोघांनी मिळून जावे, अशी तेथे रीत आहे. त्याचप्रमाणे समोरून बोट उतरत येत असेल तर भरलेले लॉक तिच्यासाठी राखून ठेवतात. ती त्या पाण्याबरोबर खाली उतरते आणि रिकाम्या झालेल्या लॉकमध्ये आपण शिरतो, म्हणजे एका लॉकभर पाण्यात दोन्ही बाजूंची कामे होतात. आम्हाला दूरवर बोट दिसली की जावई दार लावायला जात असतानाच थांबायचा आणि हात करायचा.

कालव्याचा सर्वांत उंच टप्पा पुढे पूर्वेला क्रॉफ्टनजवळ आहे. रेनीच्या मूळ कल्पनेत तेथे लांब बोगदा खणून पाण्याची पातळी खालीच ठेवायची होती. विल्यम जेसप या दुसऱ्या अभियंत्याने बोगदा आखूड करावा, कालवा थोडा वरून न्यावा आणि माथ्यावर पंपाने पाणी चढवावे, असे सुचवले. त्यात वेळ आणि पैसा वाचला, पण पाणी उचलण्याचे काम कायमचे मागे लागले. त्यासाठी क्रॉफ्टनला वाफेच्या इंजिनाचे पंपघर उभारले आणि शेजारी पुढे विल्टन वॉटर हा तलाव केला. तेथून पाणी सुमारे बारा मीटर उचलून माथ्यावरच्या टप्प्यात सोडले जाते. बाथच्या बाजूला क्लेव्हर्टन येथे १८१३ पासूनचे आणखी एक पंपघर आहे. तेथे एव्हन नदीच्याच प्रवाहावर पाणचक्की फिरते आणि ती त्याच नदीचे पाणी जवळजवळ पंधरा मीटर वर कालव्यात चढवते. नदीच्या जोरावर नदीचे पाणी वर नेण्याची ही युक्ती मला सर्वांत आवडली.

गिरणीचा_भोंगा

क्रॉफ्टनचा उल्लेख आला म्हणून लिहितो. माझे वडील सोलापुरात गिरणीच्या इंजिन खात्यात होते आणि वाफेच्या इंजिनांविषयी मी लहानपणापासून ऐकत आलो आहे, त्यामुळे मुलाकडे गेलो असताना मी मुद्दाम क्रॉफ्टनला जाऊन आलो.

तेथे दोन इंजिने आहेत. एक १८१२ चे बोल्टन आणि वॅट कंपनीचे, दुसरे १८४६ चे कॉर्नवॉलमधील हार्वे कंपनीचे. मूळ जागी राहून मूळचेच काम आजही करू शकणारे जगातील सर्वांत जुने बीम इंजिन म्हणून पहिल्याची ख्याती आहे. इमारतीच्या आत मजल्याच्या वर एक प्रचंड ओतीव लोखंडी तुळई मध्यभागी टेकवलेली आहे. तिच्या एका टोकाला सिलिंडरचा दट्ट्या आणि दुसऱ्या टोकाला विहिरीतल्या पंपाचा दांडा. वाफ थंड करण्याचे पात्र सिलिंडरपासून वेगळे ठेवणे हा जेम्स वॅटचा मोठा शोध, आणि तो येथे हाताच्या अंतरावर काम करताना दिसतो. रोजचे पाणी आता विजेचे पंप उचलतात, परंतु वर्षातून ठरावीक दिवशी स्वयंसेवक कोळसा घालून बॉयलर पेटवतात, विजेचे पंप बंद करतात आणि कालव्याला खरोखरीच वाफेच्या जोरावर पाणी देतात.

तुळई खाली येते तेव्हा पायाखालची फरशी किंचित थरथरते आणि पलीकडे चरात पाण्याचा एक मोठा लोंढा येऊन पडतो. मग क्षणभर सगळे थांबते आणि तुळई पुन्हा उचलली जाते. मी तेथे बराच वेळ उभा होतो. आपल्या सोलापुरातल्या गिरण्यांची किती इंजिने भंगारात गेली! त्यांतले एकही चालते ठेवता आले असते, तर आजच्या मुलांना हे शहर कशावर उभे राहिले ते दाखवता आले असते. ही हळहळ मला मनापासून वाटते.

पूर्वभाग

चर्चा इंग्लंडची आहे, पण लॉक असलेले कालवे आपल्याही देशात आहेत, हे नोंदवतो. आमचे पूर्वज विणकर म्हणून तेलंगणातून सोलापुरात आले आणि आमचे काही आप्त आजही राजमहेंद्रीच्या बाजूला आहेत. त्यांच्या गावाजवळच धवळेश्वरम आहे. सर आर्थर कॉटन यांनी तेथे १८४७ ते १८५२ या काळात गोदावरीवर बंधारा बांधला. त्यातून निघणारे कालवे सिंचनाबरोबर नौकानयनासाठीही आखले होते आणि त्यांवर लॉक बांधली होती. त्या भागातील जुनी माणसे भाताच्या बोटी, प्रवाशांच्या बोटी आणि काठावरून दोर ओढत चालणारे खलाशी यांच्या आठवणी सांगतात. गोदावरी जिल्ह्यांत कॉटनसाहेबांचे पुतळे गावोगावी दिसतात आणि लोक त्यांचे नाव आजही आदराने घेतात.

याच जाळ्याला दक्षिणेकडे बकिंगहॅम कालवा जोडलेला आहे. तो समुद्रकिनाऱ्याला समांतर आंध्रातून चेन्नईमार्गे पुढे तमिळनाडूत जातो. १८७७-७८ च्या भीषण दुष्काळात, ज्याची झळ आपल्या सोलापूर जिल्ह्यालाही तीव्रपणे बसली होती, त्याचे मोठे काम दुष्काळी कामे म्हणून मजुरांकडून करवून घेतले गेले, आणि त्या वेळच्या मद्रासच्या गव्हर्नरचे नाव कालव्याला मिळाले. पुढे रस्ते आणि रेल्वे आली, १९६५ आणि १९६६ च्या चक्रीवादळांनी नुकसान केले आणि वाहतूक आटली. चेन्नई शहरात तर त्याची अवस्था पाहवत नाही. २००८ मध्ये काकीनाडा-पुदुच्चेरी कालवे आणि गोदावरी-कृष्णेचे काही भाग मिळून राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ४ घोषित झाला आहे.

येथे मला केनेट-एव्हनच्या स्वयंसेवकांविषयी आदर वाटतो. कालवा त्यांचाही मेला होता.

हिप्परगाकाठ

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो आहे, म्हणून तांत्रिक बाजू मांडतो. मुलांनी मला अनेकदा विचारले आहे की एकरुखच्या किंवा उजनीच्या कालव्यात अशी बोट का चालत नाही. एकरुख म्हणजे आपला हिप्परगा तलाव १८७१ मध्ये पूर्ण झाला, त्यालाही कालवे आहेत, मग अडचण काय?

अडचण हेतूची आहे. नौकानयनाच्या कालव्याला जवळजवळ स्थिर पाणी लागते. पातळीतला सगळा फरक लॉकमध्ये कोंडायचा आणि मधला प्रत्येक टप्पा तळ्यासारखा सपाट ठेवायचा. सिंचनाच्या कालव्याला उलट उतार लागतो, कारण पाणी शेतापर्यंत पोहोचले पाहिजे. जमिनीचा उतार कालव्याच्या उतारापेक्षा जास्त असेल तेथे आपण फॉल बांधून पाणी खाली टाकतो, आणि तेथून बोट जाऊ शकत नाही. शिवाय आपला कालवा आवर्तनावर चालतो. पाळी संपली की तळ उघडा पडतो.

दोन्ही हेतू एकत्र साधण्याचा प्रयत्न उत्तरेत झाला होता. प्रॉबी कॉटली यांचा गंगा कालवा १८५४ मध्ये सुरू झाला आणि त्यावर फॉलच्या बाजूने वेगळा फाटा काढून लॉक बांधली होती. परंतु कालव्याचा उतार जास्त झाल्याने पाण्याचा वेग वाढला, तळ आणि काठ खरवडले जाऊ लागले आणि बोटींना प्रवाहाविरुद्ध जाणे जड झाले. यावरून कॉटन आणि कॉटली यांच्यात मोठा जाहीर वाद झाला. रुरकीचा सोलानी जलसेतू मात्र आजही पाहण्यासारखा आहे. कालवा नदीवरून कसा नेतात, हे ज्यांना डंडसपर्यंत न जाता पाहायचे आहे, त्यांनी तेथे जावे.

मालदांडी

हिप्परगाकाठ सर, आपले म्हणणे पटले. आमच्याकडे शेवटच्या चारीपर्यंत पाणी पोहोचवताना पाटकऱ्याची दमछाक होते, तेव्हा कालव्यात बोट चालावी अशी अपेक्षाच नाही. तरीही एक गोष्ट मनात राहिली. सहलीला गेलेली माणसेसुद्धा समोरच्या बोटीसाठी लॉक राखून ठेवतात, हे मी आमच्या पाणी वापर संस्थेच्या बैठकीत सांगणार आहे.

नवीपेठ

आम्ही दोघेही साठी ओलांडली आहे. मुलगा रेडिंगला असतो आणि येत्या वर्षी आम्हाला बोलावतो आहे. गुडघेदुखी असताना हा प्रवास जमेल का? बोट चालवायला परवाना लागतो का? आणि कोणत्या महिन्यात जावे?

भीमाकाठ

परवाना लागत नाही. बोट ताब्यात देताना भाड्याने देणारे लोक सुकाणू, इंजिन आणि लॉक कसे वापरायचे ते समजावून सांगतात आणि सोबत येऊन दाखवतात. ते नीट ऐकून घ्यावे, शंका असेल तर पुन्हा विचारावे. दोन गोष्टी मी विशेष सांगेन. पहिली, झडपेचे हँडल दांड्यावर तसेच अडकवून कधीही सोडू नये. खिट्टी निसटली तर ते वेगाने गरागरा फिरते आणि हात मोडू शकतो. दुसरी, लॉकमधून उतरताना वरच्या दारापाशी पाण्याखाली एक उंबरा असतो, त्याची जागा भिंतीवर पांढऱ्या रेघेने दाखवलेली असते. बोटीचा मागचा भाग त्या रेघेच्या पुढेच ठेवावा, नाहीतर पाणी उतरताना तो उंबऱ्यावर अडकतो आणि बोट पुढे कलून बुडू शकते. उतरताना एका माणसाने फक्त याच गोष्टीकडे लक्ष ठेवावे.

गुडघ्यांचे म्हणाल तर सुकाणू धरणे हे उभ्याचे काम आहे, पण फार कष्टाचे नाही. दारे रेटणे आणि लॉकच्या काठावर चढ-उतार करणे तरुणांवर सोपवावे, निदान दोन धडधाकट माणसे बरोबर असावीत. केन हिलवर स्वयंसेवक लॉकरक्षकही मदत करतात. एवढे झेपणार नसेल तर डिव्हायझेसपर्यंत जाण्याचा आग्रह धरू नये. डिव्हायझेसपासून पूर्वेला सुमारे २४ किलोमीटर एकही लॉक नाही, तो टप्पा निवांत आहे, आणि तेथून टेकडीवर कोरलेला ऑल्टन बार्न्सचा पांढरा घोडाही दिसतो. ब्रॅडफर्ड ते डंडस या भागातही लॉक लागत नाही.

मे-जून किंवा सप्टेंबर हे महिने चांगले. हिवाळ्यात दुरुस्तीसाठी अनेक लॉक बंद ठेवतात, आणि केन हिलवर ठरावीक वेळेच्या आत प्रवेश करावा लागतो, म्हणून निघण्यापूर्वी वेळा पाहून घ्याव्यात. रेडिंगहून ब्रॅडफर्डला बाथमार्गे रेल्वेने जाता येते आणि स्थानकापासून कालवा चालण्याच्या अंतरावर आहे. जूनमध्येही रात्री गारवा असतो, तेव्हा आपली एखादी सोलापुरी चादर बरोबर ठेवावी.